प्रारूप विकास योजना: नकाशा वाचण्यापासून हरकत मांडण्यापर्यंत

महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला साधारणपणे वीस वर्षांतून एकदा एक जाहीर सूचना येते. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेली असते. ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ अन्वये’ अशी तिची सुरुवात असते. शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे योजनेचा मंजुरीआधीचा मसुदा, जनतेच्या अवलोकनार्थ ठेवली असून तिच्यावरील हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी दाखल कराव्यात, असे पुढे म्हटलेले असते. घरामागचे मोकळे मैदान शाळेसाठी राहणार की तिथे इमारती उठणार, समोरचा नऊ मीटरचा रस्ता अठरा मीटरचा होणार का, ओढ्याच्या काठावर बांधकामाला परवानगी मिळणार का, या सगळ्यांची उत्तरे त्या सूचनेमागच्या नकाशात असतात. पुष्कळ लोकांना ती उत्तरे कळतात तेव्हा मोजणीवाल्यांनी कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगाची खूण केलेली असते आणि हरकतीची मुदत सरून कित्येक वर्षे झालेली असतात.

या तीस दिवसांत काय करावे, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे. आमच्या वस्तीतल्या लोकांबरोबर मी या प्रक्रियेतून गेलो आहे, आणि त्यात आमच्याकडून झालेल्या चुका इतरांनी पुन्हा करू नयेत अशी मनापासून इच्छा आहे.

प्रक्रिया कुठे सुरू होते आणि आपला शिरकाव कुठे होतो

आपल्याकडचा नगररचनेचा कायदा जुना आहे. मुंबई नगररचना अधिनियम १९१५ साली झाला, १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराची विकास योजना तयार करण्याची तरतूद आणली, आणि आज लागू असलेला १९६६ चा अधिनियम ही त्याच्या पुढची पायरी आहे. या अधिनियमानुसार नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी महापालिका किंवा नगरपरिषद, आधी कलम २३ खाली योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नंतर कलम २५ खाली हद्दीची पाहणी होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो, त्यावरून प्रारूप योजना बनते आणि ती कलम २६ खाली प्रसिद्ध होते. हरकती आल्या की कलम २८ मधील नियोजन समिती सुनावणी घेते, तिच्या अहवालावर प्राधिकरण बदल करते, कलम ३० खाली योजना शासनाला सादर होते आणि कलम ३१ खाली शासन तिला मंजुरी देते. कलम ३८ नुसार वीस वर्षांतून किमान एकदा योजनेची सुधारणा व्हावी लागते.

एवढ्या लांब साखळीत सामान्य नागरिकाला सगळ्यात भक्कम पाय रोवता येतो तो कलम २६ च्या टप्प्यावर. तेथे लेखी हरकत नोंदवलेली असली, तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आपल्या म्हणण्याला कागदाचा आधार राहतो, आणि नोंदवलेली नसली तर नंतर कितीही निवेदने दिली तरी ती विनंतीपुरतीच उरतात.

ग्रामीण भागात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या जमिनीचा वापर बहुधा प्रादेशिक योजनेत ठरलेला असतो. त्या योजनेचे कागद जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात पाहायला मिळतात, आणि नकाशा वाचण्याच्या ज्या पद्धती पुढे दिल्या आहेत त्या तेथेही जशाच्या तशा लागू पडतात.

पहिल्या आठवड्यात कोणते कागद मिळवावेत

सूचना प्रसिद्ध झाल्यावर तिचे कात्रण तारखेसह कापून ठेवावे आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते ते त्यातच नीट वाचावे. मग नगररचना विभागात जाऊन चार गोष्टी मागाव्यात: प्रारूप योजनेचा आपल्या भागाचा नकाशा, ज्याला कार्यालयात भाग नकाशा म्हणतात, विद्यमान जमीन वापर नकाशा, योजनेचा अहवाल, आणि आरक्षणांची यादी, जिच्यात प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन, गट किंवा सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळ दिलेले असते. नकाशाचे उतारे माफक शुल्क घेऊन द्यावेत, अशी कायद्यातच तरतूद आहे. संकेतस्थळावर प्रत ठेवलेली असली तरी छापील प्रत घ्यावी, कारण संगणकाच्या पडद्यावर नकाशा मोठा करताना त्याचे प्रमाण हरवते आणि अंतरे मोजता येत नाहीत.

येथे बरेच जण एका सापळ्यात अडकतात. कार्यालयात एखादा कागद दिला नाही की ते माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. माहिती अधिकाराच्या उत्तराची मुदतही तीस दिवसांचीच असल्याने उत्तर हाती येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. अर्ज जरूर टाकावा. परंतु हाताशी असलेल्या कागदांवर हरकत वेळेत द्यावी, आणि ‘अमुक कागद मागूनही मिळाला नाही, तो मिळाल्यावर अधिक म्हणणे मांडू’ असे तिच्यात नमूद करावे.

प्रस्तावित नकाशाच्या आधी विद्यमान जमीन वापर नकाशा

लोकांची पहिली झडप प्रस्तावित नकाशावर पडते, कारण आपल्या घरावरून रस्ता गेला आहे का हे प्रत्येकाला आधी पाहायचे असते. ते स्वाभाविक आहे. पण माझा आग्रह असा की, तेवढे पाहून झाल्यावर प्रस्तावित नकाशा बाजूला ठेवावा आणि विद्यमान जमीन वापर नकाशा उघडावा. आज जमिनीवर काय आहे याची नोंद त्या नकाशात असते आणि योजनेतला प्रत्येक प्रस्ताव त्या नोंदीवर उभा असतो. नोंद चुकली की प्रस्ताव चुकणारच. पाहणी आधी आणि योजना नंतर, हा आग्रह १९१४ साली भारतात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी येथल्या कित्येक शहरांच्या अहवालांत धरला होता. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन करतानाही त्यांनी तो सोडला नाही, आणि शंभर वर्षांनंतर आपल्या कायद्याच्या कलम २५ मागे तोच विचार दिसतो.

आमच्या वस्तीच्या मागून एक ओढा जातो. पावसाळ्यात तो दुथडी वाहतो आणि फाल्गुनात इतका कोरडा पडतो की मुले त्यात क्रिकेट खेळतात. पाहणी उन्हाळ्यात झाली असावी, कारण विद्यमान जमीन वापर नकाशावर त्या जागी ‘मोकळी जमीन’ अशी नोंद होती आणि म्हणून प्रारूपात तेथे निवासी विभाग आणि बारा मीटरचा रस्ता आखलेला होता. आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढला. त्यात ओढ्याच्या दोन्ही काठांच्या रेषा स्पष्ट होत्या. मग रस्त्यावरच्या मोरीपाशी जाऊन टेपने तिची रुंदी मोजली, ती चार मीटर भरली. मोरीच्या दगडी भिंतीवर पुराच्या गाळाची तपकिरी रेघ कंबरेच्या उंचीवर उमटलेली होती. तिच्याशेजारी टेप धरून फोटो घेतला. जुना गाव नकाशा, मोरीची मापे आणि तो फोटो एवढ्या तीन गोष्टी जोडून आम्ही हरकत दिली. समितीने ओढा नकाशावर दाखवण्याची शिफारस केली. रस्ता मात्र तसाच राहिला, कारण रस्ता वळवण्याचा पर्याय आम्ही सुचवलाच नव्हता.

म्हणून विद्यमान नकाशावर पुढील गोष्टी एकेक करून शोधाव्यात: ओढे, नाले, तळी, सार्वजनिक विहिरी, स्मशानभूमी आणि दफनभूमी, जुनी झाडी, देवराई, चालू शाळा आणि दवाखाने, आठवडे बाजाराची जागा, गावठाणाची हद्द, आणि वर्षानुवर्षे वस्ती करून राहिलेली गरीब घरे. शेवटची बाब फार महत्त्वाची आहे. वस्ती विद्यमान नकाशात ‘मोकळी जमीन’ म्हणून गेली, तर तिच्यावर आरक्षण टाकताना तेथे माणसे राहतात हे कागदावर कोणालाच दिसत नाही. नदीकाठच्या शहरांत निळी आणि लाल पूररेषा दाखवली आहे का, हेही तपासावे. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते, आणि नदी व निळी रेषा यांमधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध मानला जातो.

नकाशा हातात घेऊन चालणे

आता प्रस्तावित नकाशा. त्याच्या कोपऱ्यातली सूची आधी वाचावी. साधारणपणे निवासी विभाग पिवळा, वाणिज्य विभाग निळा, औद्योगिक विभाग जांभळा, सार्वजनिक व निमसार्वजनिक वापर लाल आणि शेती किंवा मोकळ्या जागा हिरव्या छटांत असतात. तरी रंगांवर विसंबू नये, सूचीवर विसंबावे, कारण एकाच हिरव्याच्या दोन छटांपैकी एक सार्वजनिक उद्यान असते आणि दुसरी खासगी मालकीचा शेती तथा ना-विकास विभाग.

विभाग आणि आरक्षण यांत लोक फार गल्लत करतात. विभाग, ज्याला आपण बोलताना झोन म्हणतो, तो त्या जमिनीवर मालकाला काय करता येईल हे सांगतो आणि जमीन मालकाचीच राहते. आरक्षण मात्र ती जमीन शाळा, उद्यान, दवाखाना किंवा रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवते, आणि ती पुढे संपादन करावी लागते. आपल्या जमिनीवर यांपैकी काय पडले आहे, हे अर्ज करून मिळणाऱ्या झोन दाखल्यावर लेखी मिळते. प्लॉट विकत घेणाऱ्या प्रत्येकाने सात-बाऱ्याइतक्याच काळजीने हा दाखला पाहावा. बांधकाम परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही विचार प्राधिकरणाला करावा लागतो, त्यामुळे ‘योजना अजून मंजूर कुठे झाली आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर भरवसा ठेवू नये.

नकाशाचे प्रमाण समजून घेतले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. प्रमाण १:५००० असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. अठरा मीटरचा रस्ता अशा नकाशावर साडेतीन मिलिमीटरांहून जेमतेम जाड दिसतो, आणि पेन्सिलची एक जाड रेघ कोणाच्या तरी दोन खोल्या आत घेते किंवा बाहेर सोडते. म्हणून सीमेवरच्या घरांबाबत भाग नकाशाच्या जोडीला मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळणारा मोजणी नकाशा, लागते. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर गटाच्या सीमा दिसतात. त्या प्रस्तावित नकाशाशी ताडून पाहाव्यात, पण हरकतीला पुरावा म्हणून प्रमाणित प्रतच जोडावी.

यानंतर नकाशाची घडी हातात घेऊन आपल्या भागातून चालत जावे. शक्यतो दोघांनी जावे, आणि त्यांपैकी एक जण वस्तीत जुना राहणारा असावा. प्रत्येक आरक्षणाच्या जागी थांबून पाहावे की तेथे आज काय आहे. उद्यानाचे आरक्षण असलेल्या जागेवर तीन मजली चाळ उभी असेल, तर ते उद्यान कागदावरच राहणार आणि त्याच्या क्षेत्रफळाने अहवालातले आकडे मात्र फुगणार. रस्ता आखलेला असेल तेथे चढ किती आहे, तो पुढे कशाला जाऊन मिळतो, की शेजारच्या भाग नकाशात तो अचानक नाहीसा होतो, हे पाहावे. दोन भाग नकाशांच्या जोडावर रस्ते एकमेकांना न भेटणे ही चूक मी स्वतः पाहिली आहे, आणि ती दाखवून दिली तर कोणी वाद घालत नाही.

अहवालातले आकडे

अहवाल लांबलचक असतो, पण त्यातली तीन पाने महत्त्वाची. पुढच्या वीस वर्षांसाठी लोकसंख्येचा अंदाज किती धरला आहे, सुविधांचे प्रमाण माणशी किंवा दर हजारी किती धरले आहे, आणि या दोघांच्या गुणाकाराइतकी जागा नकाशात खरोखर राखली आहे का, एवढे पाहावे. केंद्र सरकारच्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. दोन लाख लोकसंख्या धरली तर माणशी १० चौरस मीटरने २० लाख चौरस मीटर, म्हणजे २०० हेक्टर मोकळी जागा हवी. आता यादीतल्या उद्यानांची आणि क्रीडांगणांची क्षेत्रफळे बेरीज करून पाहावीत. ती ७० हेक्टर भरली आणि उरलेली तूट नदीकाठचा हरित पट्टा, डोंगरउतार किंवा गृहसंकुलांच्या आतल्या मोकळ्या जागा धरून भरून काढलेली दिसली, तर तो हरकतीचा सज्जड मुद्दा आहे, कारण बंदिस्त संकुलाच्या आतल्या हिरवळीवर पलीकडच्या वस्तीतल्या मुलाला खेळायला कोणी सोडत नाही.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, वाढवावा किंवा कमी करावा, अशा मागण्या येथे करण्यात वेळ दवडू नये. राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, मुंबईची स्वतःची वेगळी नियमावली आहे, आणि त्यांतले बदल शासनाच्या पातळीवर होतात. विकास योजनेच्या हरकतीत जमीन, रस्ता आणि आरक्षण यांबद्दलच बोलावे.

हरकत कशी लिहावी

आमच्या पहिल्या प्रयत्नाची हकीकत आधी सांगतो. ‘शहराचा नाश करणारी ही योजना रद्द करा’ असा एकच मजकूर छापून आम्ही चारशे सह्यांनिशी चारशे अर्ज दिले. समितीने ते सगळे अर्ज एकाच दिवशी एकत्र सुनावणीला ठेवले आणि दहा मिनिटांत प्रकरण संपले. योजना पूर्ण रद्द करणे समितीच्या हातात नव्हते, आणि नेमके काय बदलावे हे आमच्या अर्जात कुठेच नव्हते. लोकांचा एक पूर्ण आठवडा त्यात गेला, याची रुखरुख मला आजही आहे.

हरकतीत एका वेळी एकच मुद्दा असावा. दहा मुद्दे असतील तर दहा अर्ज द्यावेत. प्रत्येक अर्जात जागेची ओळख, आक्षेप, कारण, पुरावा आणि नेमका हवा असलेला बदल, एवढे आले पाहिजे. नमुन्यादाखल ओढ्याची हरकत आज मी अशी लिहीन:

‘विषय: प्रारूप विकास योजना, भाग नकाशा क्रमांक …, गट क्रमांक … व … मधील प्रस्तावित बारा मीटर रुंद रस्त्याबाबत हरकत व सूचना. उपरोक्त गटांमधून पूर्वापार ओढा वाहत असून तो सोबत जोडलेल्या प्रमाणित गाव नकाशात दर्शविलेला आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात मात्र सदर जागा मोकळी जमीन अशी नोंदविली गेली आहे. सदर ओढ्यावर सध्याच्या रस्त्यालगत चार मीटर रुंदीची मोरी असून तिचे छायाचित्र जोडले आहे. प्रस्तावित रस्ता ओढ्याच्या पात्रातून जात असल्याने पावसाळ्यात लगतच्या वस्तीत पाणी शिरण्याचा धोका आहे. सबब विद्यमान जमीन वापर नकाशात ओढा दर्शवावा, आणि प्रस्तावित रस्ता गट क्रमांक … च्या उत्तर हद्दीवरून सोबतच्या रेखाटनाप्रमाणे न्यावा, ही विनंती. याबाबत मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.’

शेवटचे वाक्य कधीही वगळू नये. पर्यायही वगळू नये. आमच्या ओढ्याच्या हरकतीत नेमका तोच राहून गेला होता. अर्ज दोन प्रतींत करावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, आणि ती प्रत जपून ठेवावी. सूचना या शब्दाचाही पुरेपूर उपयोग करावा: हरकत विरोधाचीच असली पाहिजे असे नाही. एखादे चांगले आरक्षण टिकावे असे वाटत असेल, तर ते कायम ठेवण्याची सूचनाही त्याच मुदतीत द्यावी. ज्याची जमीन आरक्षणात गेली तो मालक ते उठवण्यासाठी हरकत देतोच. ते मैदान टिकावे असे वाटणारी शेकडो घरे गप्प राहिली, तर समितीसमोरच्या कागदांत एकच बाजू दिसते.

मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. अर्ध्या एकराच्या एकुलत्या एका तुकड्यावर आरक्षण पडले की त्या घरातल्या मुलींचे शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांचा सगळा हिशेब कोलमडतो. अशा मालकाने केवळ ‘माझी जमीन वगळा’ असे लिहू नये. जवळपास सरकारी किंवा गायरान जमीन उपलब्ध असेल तर तिचा गट क्रमांक देऊन पर्याय मांडावा, आरक्षणाचे क्षेत्र गरजेहून अधिक असेल तर ते आकड्याने दाखवावे, आणि मोजणीचा नकाशा जोडावा. आरक्षण कायम राहिलेच, तर वाटाघाटीने मोबदला, हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील भरपाई, हे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत.

सुनावणीच्या दिवशी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिच्यापुढे हजारो अर्ज असतात आणि आपल्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. म्हणून भाग नकाशाची मोठी प्रत घेऊन जावे, तिच्यावर आपली जागा आधीच ठळक रंगाने रंगवलेली असावी, आणि बोलण्याची सुरुवात ‘भाग नकाशा अमुक, गट अमुक, माझी मागणी अशी’ या वाक्याने करावी. पार्श्वभूमी, भावना आणि शहराचा इतिहास वेळ उरला तर सांगावा. मुद्दे एका पानावर छापून समितीला द्यावेत आणि ते पान नोंदीत घेतल्याची पोच मागावी. समितीतल्या तज्ज्ञाने प्रश्न विचारला तर तो आपल्याला अडवतो आहे असे समजू नये; आमच्या ओढ्याच्या वेळी पाणी कुठून येते हा प्रश्न त्यांनीच विचारला आणि त्या प्रश्नामुळेच आमचे म्हणणे नोंदीत आले.

एकाच वस्तीतले अनेक अर्जदार असतील तर सर्वांनी यावे, पण बोलण्याचे मुद्दे वाटून घ्यावेत.

सुनावणीनंतरची वर्षे

समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण योजनेत जे बदल करते, ते कलम २८(४) खाली प्रसिद्ध होतात. ती यादी आवर्जून पाहावी. हरकतींच्या निमित्ताने काही भलतीच आरक्षणे उठलेली असतात आणि ज्यांना त्याचा फटका बसतो त्यांना त्याची गंधवार्ता नसते. मंजुरी देताना शासनाला मूलभूत स्वरूपाचा बदल करायचा असेल, तर कलम ३१ नुसार त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. राजपत्रातली ती सूचना म्हणजे आपल्याला मिळालेली दुसरी संधी समजावी.

मंजूर योजनेतही नंतर कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतात आणि त्यासाठी एक महिन्याची हरकतीची मुदत असते. ‘किरकोळ’ या शब्दावर जाऊ नये. पुण्यात प्रभात रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेचे आरक्षण असे हलवून त्या जागेवर निवासी इमारत उभी राहिली होती. नागरिक न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली तो फेरबदल रद्द ठरवला, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही शाळेच्या आरक्षणाच्या बाजूने निकाल दिला. बंगळुरूमध्ये उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली टिकू दिला नाही. या लढ्यांना वर्षानुवर्षे लागली. एक महिन्याच्या मुदतीत दिलेली हरकत त्यामानाने फार स्वस्त पडते, म्हणून आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी हाताशी ठेवून अशा सूचनांवर लक्ष ठेवावे.

सर्वांत जास्त मैदाने आणि शाळांच्या जागा हातच्या जातात त्या कलम १२७ मुळे. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला प्राधिकरणाला नोटीस देता येते, आणि नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले, असे मानले जाते. ही तरतूद मालकावर अन्याय होऊ नये म्हणून आहे आणि ती योग्यच आहे. पैसे न देता कोणाची जमीन कायमची अडकवून ठेवता येत नाही. प्राधिकरणाने वेळेत पैसे उभे केले नाहीत, तर वस्तीचे मैदान कोणी काही न करताच निघून जाते.

म्हणून मंजूर योजनेच्या भाग नकाशाची प्रमाणित प्रत घ्यावी, तिच्या कोपऱ्यात योजना अमलात आल्याची तारीख आणि त्याखाली दहा वर्षांनंतरची तारीख लिहावी, आणि आपल्या वस्तीला सगळ्यात जास्त गरज असलेली दोन किंवा तीन आरक्षणे निवडून त्यांच्या संपादनासाठी तरतूद करण्याची लेखी मागणी दरवर्षी डिसेंबरात, महापालिकेचे अंदाजपत्रक तयार होत असताना, आयुक्तांना आणि आपल्या नगरसेवकाला द्यावी. प्रत्येक मागणीची पोच त्याच नकाशाला टाचून ठेवावी.